समुद्र तापला तर सोयाबीनचं काय?

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी बांधवांनी विचारलंय: "साहेब, समुद्र तापल्यामुळं पाऊस बिघडला म्हणतात. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं! मग आम्ही पेरणीत नेमका काय बदल करायचा?"

दादा, समुद्र लांब असला तरी तुमच्या रानात पडणारा पाऊस बहुतेक तिथूनच उचललेला असतो. पाणी तापलं की वाफ जास्त होते, आणि हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणून हल्ली पडतो तेव्हा ओतल्यासारखा पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1950 ते 2015 च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम होणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढलेली दिसली, आणि त्यामागं अरबी समुद्रावरून येणारं बाष्प होतं. तिकडं प्रशांत महासागर तापला, म्हणजे एल निनो आला, की आपल्याकडं पाऊस दडी मारण्याची भीती असते. दरवेळी तसं होतंच असं नाही. पण 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

त्या ऑगस्टमध्ये मी एका बांधावर उभा होतो. भर दुपारी सोयाबीननं पानं उलटी केली होती, सगळं रान पांढुरकं दिसत होतं, फुलं जमिनीवर. सरीला, म्हणजे ओळींमधल्या चराला, लागून असलेल्या ओळी मात्र अजून तग धरून होत्या. तेव्हापासून भेटेल त्याला मी आधी सरीचंच सांगतो.

रुंद वरंबा सरी यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर दर चार ओळींनंतर, कोळपणीच्या वेळी कोळप्याला दोरी गुंडाळून सरी काढा. खंड पडला तर तीच सरी ओल धरते, ढगफुटीसारखा पडला तर जादा पाणी बाहेर काढते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात किती रानं पाण्याखाली गेली ते तुम्ही पाहिलंच आहे. नदीकाठच्या पुरापुढं सरीचं काही चालत नाही, पण माळावर साचलेलं पाणी ती नक्की काढते.

पहिल्या पावसावर पेरायची घाई करू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाऊ द्या. निव्वळ सोयाबीन न घेता चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर घ्या. तुरीचं मूळ खोल जातं, परतीच्या पावसावरही ती सावरते. फुलोऱ्यात उघडीप लांबली तर 13:0:45 हे खत 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा.

घरचं बी असेल तर आजच 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यानं 70 पेक्षा कमी उगवले, तर पेरणीआधी मला फोन करा.