उचलीचा हिशेब वर्गात शिकवावा का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. बरीच मुलं ऊसतोड कामगारांची आहेत. त्यांना पैशांचे व्यवहार शिकवावेत असं फार वाटतं. पण वेगळा तास नाही, पुस्तक नाही. शिवाय घरच्या कर्जाचा विषय निघाला तर मुलं ओशाळतील. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, वेगळ्या पुस्तकासाठी अडून राहू नका. सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ आहेच. मीही आयुष्यभर गणितच शिकवलं. ती उदाहरणं मुलं पटापट सोडवतात, पण गावातला व्यवहार त्यांना तिथे दिसत नाही. पुस्तकातलं व्याज द.सा.द.शे., वर्षाचं. सावकाराचं ‘शेकडा तीन’ मात्र महिन्याचं. म्हणजे 10,000 रुपयांवर वर्षाला 3,600. शेजारी 12 टक्क्यांनी होणारे 1,200 मांडा. हा फरक मुलांनी स्वतः काढला पाहिजे.

मग उचल, म्हणजे तोडणीला जाण्याआधी मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम. तुमची भीती रास्त आहे. कोणाच्या घरी किती उचल आहे, हे वर्गात कधीही विचारू नका. मनाने एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, धरा. उचल 50,000, तोडणीचा दर टनाला 366 रुपये, नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन. नुसती उचल फिटायला 137 टन, म्हणजे 69 दिवस लागतात. आता त्यात किराणा, दवाखाना, आजारपणाचे खाडे मुलांनाच घालू द्या. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय हे घरात कोणाला ठाऊक असतं, तेही बोला. घरची स्वतःची वही हवी: रोजचे टन आणि घेतलेली रक्कम. आजीजवळ गावी राहिलेलं पोरही रात्री फोनवर विचारून ती लिहू शकतं. एवढं एक जरी साधलं, तरी मला फार मोठं वाटेल.

दहा वर्षांवरील मुलांना बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये बँकांना दिली. जवळच्या शाखेत चौकशी करा. तिथून कोऱ्या स्लिपा आणून वर्गातच भरून घ्या. अक्षरी रक्कम लिहिताना मुलं हमखास अडतात.

आणि फोनवर पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, हे मुलांकरवी घरोघरी पोहोचवा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा.