बायबलमधला ‘पहाटेचा तारा’ येशू आहे की सैतान?

बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात आकाशातून पडलेला पहाटेचा तारा म्हणजे सैतान असे सांगितले जाते आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस येशू स्वतःलाच पहाटेचा तारा म्हणवतो, तर हा विरोधाभास नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घोळ मूळ वचनांत नाही, तो नंतरच्या वाचनात झालेला आहे.

दोन्हीकडचा तारा म्हणजे आपली शुक्राची चांदणी. पहाटे पूर्वेला ती सगळ्या ताऱ्यांना फिकी पाडते, पण सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे ती कधीच जात नसल्यामुळे डोक्यावर येण्याआधीच उजाडते आणि ती दिसेनाशी होते. यशयाने नेमके हेच टिपले आहे. चौदाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनातच स्पष्ट म्हटले आहे की हे उपहासगीत बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजावर आहे. देवाच्या ताऱ्यांहून उंच सिंहासन मांडीन अशी बढाई मारणारा हा राजा शेवटी अधोलोकात पोहोचतो, आणि तिथे त्याच्याखाली अळ्यांचे अंथरूण असते व वर किड्यांचे पांघरूण. बाराव्या वचनात त्याला हिब्रूत ‘हेलेल बेन शाहार’, म्हणजे तेजस्वी, पहाटेचा पुत्र, असे हिणवले आहे. सैतान हा शब्द त्या अध्यायात एकदाही येत नाही.

मग सैतान आला कुठून? नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला, असे येशू म्हणतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनसारख्या धर्मपंडितांनी ही दोन पतने एकच मानली. पुढे इ. स. ४०० च्या सुमारास जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘हेलेल’साठी ‘लुसिफर’ हा शब्द आला, जो शुक्राचे लॅटिनमधले साधे, रोजचे नाव होता. तो त्या काळी इतका निरुपद्रवी होता की चौथ्या शतकात सार्डिनियातल्या काल्यारीच्या बिशपांचे नावच लुसिफर होते! पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:१९) अंतःकरणात उगवणाऱ्या प्रभाततारकेसाठीही लॅटिनमध्ये हाच शब्द आहे, आणि ईस्टरच्या जागरणविधीतल्या लॅटिन स्तोत्रात कधीही न मावळणारा ‘लुसिफर’ म्हणून ख्रिस्ताचेच गुणगान होते. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननेही यशयातले वचन सैतानाला लावणे हे अज्ञान असल्याचे बजावले होते, पण तोवर सैतानाला लुसिफर हे नाव चिकटले ते चिकटलेच.

खरे तर यशया आणि प्रकटीकरण यांतल्या दोन्ही वचनांना जोडणारा धागा राजेपणाचा आहे. गणनाच्या पुस्तकात (२४:१७) बलाम नावाचा भविष्यवक्ता म्हणतो की याकोबातून तारा उदय पावेल आणि इस्राएलातून राजदंड निघेल. तारा आणि राजदंड तिथे एकाच श्वासात येतात. इ. स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या शिमोन या ज्यू नेत्याला ‘बार कोखबा’, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, हे नाव मिळाले ते याच वचनावरून. प्रकटीकरण २२:१६ मध्येही येशू आधी स्वतःला दावीद राजाचा वंशज म्हणवतो आणि लगेच पहाटेचा तेजस्वी तारा. यशयाने शुक्राचे विझणे पाहिले, तर इथे त्याचे दुसरे लक्षण घेतले आहे: तो दिसला की दिवस उजाडायला फार वेळ उरलेला नसतो.

‘पहाटेचा तारा’ हे कोणा एकाचे विशेषनाम नव्हे, याचा पुरावा प्रकटीकरणाच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. थुवतीरा या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला सांगितले आहे की जो विजय मिळवील त्याला राष्ट्रांवर अधिकार दिला जाईल, आणि त्याच्या पाठोपाठ, २८व्या वचनात, पहाटेचा ताराही.