जुन्या लष्करी जीपचा मागचा एक्सल

प्रश्न : मी 1943 सालची विलीस एमबी जीप मूळ रूपात आणत आहे. मागच्या एक्सलमधील क्राउन-पिनियनचे (मोठ्या व छोट्या गिअरच्या जोडीचे) दात झिजले आहेत. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपचा अख्खा मागचा एक्सल बसवावा, असे आमचे मिस्त्री म्हणतात. तसे करावे का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : केवळ मागचा एक्सल बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जीपच्या दोन्ही एक्सलांत क्राउनला 39 आणि पिनियनला 8 दात, म्हणजे 4.88 गुणोत्तर असते. सीजे-3बीमध्ये ते 43 आणि 8, म्हणजे 5.38 येते. पुढे 4.88 आणि मागे 5.38 असताना फोर-व्हील लावल्यास पुढची व मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढतात. माळव्याच्या काळ्या चिखलात घसरून हा ताण काहीसा निघून जाईल, पण डांबरी रस्त्यावर तो थेट ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीच्या) गिअरांवर येतो आणि फोर-व्हीलचा लिव्हरही अडकून बसतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एमबीचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग आहे : गाडीचा भार हौसिंगवरच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरच्या) बेअरिंगांवर असतो आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो, त्यामुळे तो तुटला तरी चाक जागेवर राहते आणि शाफ्टच्या टोकाच्या चकतीचे, म्हणजे फ्लँजचे, सहा बोल्ट काढले की चाक न उतरवता शाफ्ट बाहेर येतो. सीजे-3बीच्या सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावरच चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसवलेला असतो. तिथे शाफ्ट तुटला तर चाकासकट निखळण्याचा धोका असतो. युद्धकाळातील इतकी उत्तम रचना काढून टाकणे योग्य नाही.

म्हणून हौसिंग मूळचेच ठेवून 39-8 दातांची नवी जोडी बसवावी. क्राउन आणि पिनियन कधीही सुटे बदलू नयेत. जोडणी करताना क्राउनच्या काही दातांना तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावून पिनियन फिरवावा. ठसा दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे, कडेला उमटल्यास शिमा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा पाहावे. या कामात घाई केली की एक्सल काही महिन्यांतच पुन्हा गुणगुणू लागतो.

जोडी मिळेना आणि 5.38च वापरणे भाग पडले, तर पुढच्या एक्सलचेही गुणोत्तर तेच करून घ्यावे. त्याच वेगाला इंजिन मात्र सुमारे 10 टक्के अधिक फिरेल.

जुना एक्सल विकत घेताना दोन्ही मागची चाके उचलून ती एकत्र एक फेरा फिरवावीत आणि प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्यावर) खूण करून त्याचे फेरे मोजावेत : पाचाला किंचित कमी भरले तर 4.88, सव्वापाचांच्या थोडे वर गेले तर 5.38.