वाचकांचे प्रश्न : क्लिओपात्रा स्टुडिओत आली तर

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलाने 'मीटिंग ऑफ माइंड्स' नावाची जुनी सिरीयल बघायला लावली. इतिहासातली माणसं, म्हणजे ॲक्टर, टेबलाभोवती बसतात आणि अँकर त्यांना प्रश्न विचारतो. मजा आली, पण यात त्यांचं स्वतःचं बोलणं किती आणि रायटरने घुसवलेलं किती? – एक वाचक, सांगली

उत्तर : ही स्टीव्ह ॲलनची सिरीयल, १९७७ ते १९८१ पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर चालली, लिहायचाही तोच आणि अँकरही तोच. त्याचं म्हणणं असं की जमेल तिथे त्या माणसाच्याच लिखाणातलं, भाषणातलं घेतलंय. आता 'जमेल तिथे' यातच गोम आहे ना! पहिल्याच खेपेला टेबलावर कोण, तर थिओडोर रूझवेल्ट, टॉमस पेन, टॉमस अक्वायनस आणि क्लिओपात्रा. अक्वायनस हा मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ, त्याने ढीगभर लिहून ठेवलंय, पेन तर अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी पॅम्फ्लेटं लिहूनच गाजलेला, तिथे रायटरने फक्त वेचायचं. पण क्लिओपात्राच्या मनातलं तिच्या शब्दांत असं काहीच उरलेलं नाही, जे आहे ते तिला हरवणाऱ्या रोमच्या राज्यात नंतर लोकांनी लिहिलेलं, त्यामुळे ती तिथे जे काही बोलते ते जवळपास सगळं ॲलनचंच समजा. मी तरी एपिसोड लावायच्या आधी एवढंच बघतो की पाहुण्याने मागे काय लिहून ठेवलंय, मग कुठल्या वाक्यावर किती विश्वास टाकायचा ते आपोआप कळतं.

प्रश्न : त्यातल्या बऱ्याच बायका मला एकसारख्याच दिसतात, माझे डोळे गेले का? – एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, डोळे एकदम ठणठणीत आहेत तुमचे. क्लिओपात्रा, मारी आंत्वानेत, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सगळ्या एकच बाई, जेन मेडोज, ॲलनची बायको. घरचाच कारभार! काम छान करते पण, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : एका एपिसोडमध्ये गांधीजी, ॲडम स्मिथ आणि मार्गारेट सँगर एकत्र. अमेरिकन बाई बापूंशी संततिनियमनावरून वाद घालते, हे जरा अतीच नाही का? – एक वाचक, वर्धा

उत्तर : अहो, तुम्ही वर्ध्याचे आणि तुम्हीच हे विचारताय? स्मिथ सोडा, तो बिचारा अर्थशास्त्रज्ञ दीडशे वर्षं आधीचा, पण बाकी दोघांची भेट खरीच झालेली आणि ती तुमच्याच गावात, डिसेंबर १९३५ मध्ये. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या सँगरबाई पोचल्या तो सोमवार, म्हणजे गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यामुळे वाद घालायला आलेल्या बाईंना आधी थांबावं लागलं. मग मात्र चांगलंच जुंपलं. गांधीजींचं म्हणणं, साधनं नकोत, संयम पाळा, बायकांनी नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, आणि बाईंचं म्हणणं की रोजच्या संसारात हे चालायचं नाही, नवराबायकोचं प्रेम काही फक्त मुलं होण्यापुरतं नसतं. कोणीच हटलं नाही. गांधीजींचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई यांनी ही चर्चा गांधीजींच्याच 'हरिजन' साप्ताहिकात दिली, म्हणजे हा असा एक वाद की ज्याचं स्क्रिप्ट ॲलनच्या कितीतरी आधी तयार होतं. इतर एपिसोडमध्ये माणसं वेगवेगळ्या शतकांतून उचलून आणावी लागतात, त्यामुळे कधीकधी भांडण ओढूनताणून लावल्यासारखं वाटतं, इथे ती गरजच नव्हती.

प्रश्न : मराठीत अशी सिरीयल काढली तर पहिला पाहुणा कोण? – कॉलेजचा ग्रुप, नाशिक

उत्तर : र. धों. कर्वे, डोळे झाकून. वर सँगरबाईंचं आलंच आहे, तर कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्येच संततिनियमनाचं केंद्र काढलेलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, तेही पदरचे पैसे घालून. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला (आमच्या धंद्यातली रिस्क बघा!), आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी केस हरले. समोर गांधीजींना बसवा, ब्रह्मचर्यावरून कर्वे त्यांना सोडणार नाहीत, आणि दोघांचंही लिखाण एवढं आहे की रायटरला पदरचं फार घालावंच लागणार नाही. बाबासाहेबांना तिसरी खुर्ची द्या, त्यांचं दोघांशीही देणंघेणं आहे. टिळक-आगरकर सगळेच सुचवतात, ते दुसऱ्या आठवड्यात बघू. आणि हो, अँकर असा घ्या की जो गांधीजींनाही मधेच थांबवून उलटा प्रश्न विचारेल, नुसता हात जोडून बसणारा नको.