सत्तर क्विंटल सोयाबीन, दोन कर्जं आणि तुमचं सोनं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उमरेडजवळच्या शेतातलं 70 क्विंटल सोयाबीन घरात आहे, नागपूरच्या कळमना बाजारात क्विंटलला भाव 4,300 मिळतोय. दीर म्हणतात, मेपर्यंत थांबू, सहा हजार येतील. तोवर 2 लाखांचं पीककर्ज आणि कृषी केंद्राची 80 हजारांची उधारी, तीही महिना 2 टक्क्यांनी, फेडायला तुमचं सोनं गहाण ठेवायचं का?

सोनं ठेवू नका. आणि सगळा माल मेपर्यंत अडकवूही नका.

दिरांची आशा कुठून येते ते कळतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. पण त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयाबीनची पेंड, म्हणजे ढेप, आयात करायला परवानगी दिली आणि भाव जोरात खाली आले. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 टक्के, बाकी बहुतेक ढेपच. म्हणून तेल महागलं की सोयाबीन महागतंच असं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 टक्के झालं, तेल कडाडलं, तरी त्या हंगामात सोयाबीन 4,892 च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. ढेपेला उठाव नव्हता. इथेनॉल कारखान्यांतला मका-तांदळाचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात शिरलाय आणि परदेशात ब्राझील-अर्जेंटिनाची ढेप आपल्यापेक्षा स्वस्त पडते. ब्राझीलचं नवं पीक फेब्रुवारी-मार्चात बाजारात येतं, म्हणजे नेमकं तुम्ही थांबलेल्या काळात. मे 2025 मध्ये खाद्यतेलावरचं ते शुल्कही 10 टक्क्यांवर आलं. सहा हजार होणारच नाहीत असं मी म्हणत नाही, पण त्या भरवशावर दागिने गहाण ठेवण्याइतका आधार मला दिसत नाही.

आता थांबण्याचा खर्च बघा. आज माल 14 टक्के ओला धरला आणि मेपर्यंत 10 टक्क्यांवर वाळला, तर क्विंटलमागे जवळपास साडेचार किलो वजन घटतं. उधारीचं सहा महिन्यांचं व्याज 12 टक्के. दोन्ही धरले तर उधारी फेडू शकणाऱ्या मालाला आजच्या 4,300 ची बरोबरी करायलाच मेमध्ये 5,040 भाव हवा. पोती आणि हमाली वेगळी.

2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 आहे. खरेदी केंद्रावर 12 टक्के ओलावा चालतो. 14 वरून 12 वर वाळवताना सव्वादोन किलो घटले, तरी आजच्या क्विंटलचे 5,200 रुपये होतात. कळमन्यापेक्षा नऊशे जास्त!

म्हणून मी असं करेन. 20 क्विंटल लगेच कळमन्यात. 86 हजार येतील, त्यातून उधारी पूर्ण मिटवा. महिन्याला 1,600 रुपये खाणारं हे कर्ज एक दिवसही ठेवू नये. उरलेला माल अंगणात चांगला वाळवा आणि 40 क्विंटल हमीभावाला द्या. 2 लाख 13 हजार होतात, पीककर्ज मुदतीत फिटतं आणि व्याजसवलतही हातची जात नाही. राहिलेले आठ-नऊ क्विंटल दिरांच्या मनाप्रमाणे मेपर्यंत ठेवा. ते शेतात राबलेत, त्यांचा शब्द अगदीच मोडू नये.

केंद्रावर बारदान्यासाठी (रिकाम्या पोत्यांसाठी) नंबर लांबला आणि मधेच पैसा लागला, तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांचं कर्ज मिळतं. फक्त तो माल सोडवल्याशिवाय विकता येत नाही.

सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद आहे ना, ते आजच तपासा. ती नसेल तर हमीभावाची नोंदणी अडते, आणि हेक्टरी किती माल घेतात हेही केंद्रावर विचारून घ्या.