मक्यावरच्या लष्करी अळीला सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी) चालतात का? की तेच उलट मुळांना गाठी करतील?

गाठींची भीती मनातून काढून टाका. डाळिंब-टोमॅटोच्या मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे. अळी मारायला वापरतात ते हे फक्त कीटकांवर जगतात, पिकाला तोंड लावत नाहीत.

आपल्याकडे मिळणारी जात बहुधा हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका असते. ती मूळची इथलीच, १९९२ साली कोइमतूरहून तिची शास्त्रीय नोंद झाली. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव अळीच्या तोंडातून किंवा श्वासरंध्रातून आत शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. अळी दोनेक दिवसांत मरते ती मुख्यतः या जिवाणूंमुळे. मग तिच्या शरीरात सूत्रकृमींच्या पिढ्या वाढतात आणि हजारोंनी बाहेर पडतात.

खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. मी उसात हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, हे वापरतो. तिथे ओली माती असल्याने सोपं जातं. उघड्या पानावर मात्र ऊन-वारा लागला की ते लवकर मरतात, म्हणून पानांवर फवारण्यात पैसे घालवू नका. लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत बसते, तिथे सावली आणि ओल दोन्ही असतात. द्रावण थेट पोंग्यातच पडलं पाहिजे. रवांडात ते जेलमध्ये मिसळून पोंग्यात सोडण्याचे प्रयोग झाले, तेही ओल टिकावी म्हणूनच. पोंगा विष्ठेनं बुजायच्या आत, अळ्या लहान असतानाच हे करा.

ऊन उतरल्यावर फवारा. पंप आधी स्वच्छ धुवा आणि नोझलची बारीक जाळी काढा. उन्हात तापलेल्या पाइपातलं पाणी घेऊ नका. सूत्रकृमी तळाला बसतात, म्हणून द्रावण ढवळत राहा आणि कालवलेलं त्याच संध्याकाळी संपवा. विकत घेताना तारीख तर बघाच, पण पाकीट दुकानात कुठे ठेवलं होतं हेही विचारा. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं पाकीट फुकट मिळालं तरी मी घेणार नाही. पाकिटातलं चिमूटभर घेऊन पाण्यात टाका आणि चांगल्या भिंगाखाली बघा: जिवंत असले तर वळवळतात.

तीन दिवसांनी काही पोंगे उघडा. मेलेली अळी विटकरी रंगाची, मऊ आणि दुर्गंधी नसलेली दिसली, तर काम झालं समजा. पण शेजारी कुणाची तुती असेल तर तिच्यावर थेंबही उडू देऊ नका. रेशीमकीडाही अळीच आहे, तोही यांना बळी पडतो.