भरमाण्णातला भरम म्हणजे भ्रम नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की बेळगावच्या खानापूरकडच्या आजोबांचं नाव भरमाण्णा, आणि नातू विचारतोय, याचा अर्थ भ्रम का? आणि कानडीत हे नाव कसं म्हणतात?

भ्रम नाही, नाही आणि नाही. हिंदी सिरियलीत भ्रमाला भरम म्हणतात म्हणून इथल्या भरमूलाही तेच चिकटवायचं आणि शाळेत घालताना पोराचं ब्रह्मानंद करून टाकायचं, हे ऐकून ऐकून कान किटले. भरमा म्हणजे ब्रह्म. आण्णा-आप्पा कानडी, ते बेळगावात सांगायला नको.

मजा आहे ती त्या 'भ'मध्ये. जोडाक्षर जिभेला जड, म्हणून ब आणि र मध्ये अ घुसतो, बरहम होतं, मग मधला ह उडी मारून मागच्या ब ला जाऊन बसतो, की झाला भरम. पटत नसेल तर आपलंच बोलणं ऐका, बहीणची भैण, बाहेरचं भायर, आणि दखनी बोलणारा बहुतला भोत म्हणतो ते, सगळीकडं त्या ह चा हाच उद्योग. कानडीनं खाली दक्षिणेत दुसरी वाट धरली. तिथं ह आधी म च्या मागं गेला (आपण ब्रम्ह म्हणतो, निम्मे लोक लिहितातही तसंच, ते हेच), मग म्ह चा म्म, र गळाला, आणि बम्म, बोम्म असं होत बोम्मण्ण, बोम्मय्य ही नावं आली. बोम्मई आडनाव मी याच घरात घालतो. आणि बसव म्हणजे वृषभाचं कानडी रूप, तेव्हा २०२१ ते २०२३ मुख्यमंत्री होते त्या बसवराज बोम्मईंच्या नावात बैल आणि ब्रह्म दोघंही बसलेत! तिकडं थायलंडात ब्रह्माचाच फ्रॉम झालाय, बँकॉकच्या एरावन देवळातला चार तोंडांचा देव तो फ्रा फ्रॉम.

आता माझं भांडण. नावांच्या याद्या करणारे विद्वान 'भरमा म्हणजे सृष्टी निर्माण करणारा ब्रह्मदेव' लिहून मोकळे होतात. ज्याला इथं नवस नाही, जत्रा नाही, त्याचं नाव शेतकरी पोराला कशाला ठेवेल? आपल्याकडं नाव ठेवतात ते नवसाच्या देवाचं, सौंदत्तीच्या यल्लम्मावरून यल्लाप्पा, तसं. माझ्या मते भरमा आला निपाणीजवळच्या तवंदीवरून, म्हणजे जैनांच्या स्तवनिधीवरून. तिथं पार्श्वनाथ आहेत, पण क्षेत्रपाल म्हणून ब्रह्मदेवाचा मान मोठा, आणि हा ब्रह्मदेव यक्ष, राखणदार, पुराणातला चतुर्मुख नव्हेच. श्रवणबेळगोळला त्याच्या नावाचा खांब आहे. रट्ट राजांच्या काळी आपल्या भागात जैनांचं वजन किती होतं ते बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, बघा, १२०४ ची. जैन घरांत भरमू, भरमगौडा अजून सापडतात ते उगाच नाही.

यावर एका जाणकारांनी मला सुनावलं की मग मराठ्यांच्या घरात भरमा कुठनं आला? अहो, ब्रह्मलिंगावरून! बेळगाव तालुक्यात ब्रह्मलिंगाची देवळं किती आहेत ते मोजा आधी, तोही गावचा राखणदारच की. चतुर्मुखाला यात कुठनं घुसवताय?

हां, कानडीचं राहिलं. तिकडं भरमण्ण, भरमप्प, मधला अ आखूड. आपण तो ओढून भरमाण्णा, भरमाप्पा करतो, मल्लप्पचा मल्लाप्पा करतो तसंच. दोस्त हाक मारताना भरम्या, ते वेगळं. पण कागदावर सांभाळा, आधारवर इंग्रजीत असं काही लिहितात की परत मराठीत आणताना भारामा होतं. आजोबांचं नाव पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, कसं आहे ते बघून तसंच सगळीकडं लिहा, ब्रह्मानंद वगैरे केलंत तर वारसा लावताना तलाठ्याकडं खेटे घालाल.